दोनशे ग्रॅम

वजन पडलं तेव्हा आवाज फारसा झाला नाही. टक्. शेजारच्या खोलीत कोणी पेन्सिल टेबलावर ठेवावी तेवढा. चिमट्याच्या पायांना आतून मऊ चामडं लावलेलं होतं, हातांत मोजे होते, श्वास नेहमीसारखा अर्धा रोखलेला होता, आणि दोनशे ग्रॅमचं गुळगुळीत पोलादी वजन पेटीतल्या आपल्या खळग्यातून निघून काट्याच्या तबकडीकडे चाललं होतं. तेवढ्यात शिपायाने दार ढकललं आणि तो म्हणाला, "मॅडम, साहेबांनी बोलावलंय. पाकीट आहे तुमचं." पाकीट हा शब्द तिच्या कानात शिरला आणि मध्ये कुठेही न थांबता बोटांत उतरला. वजन वीतभर उंचीवरून दगडी ओट्यावर पडलं, कडेवर क्षणभर उभं राहिलं, अर्धा गोल फिरलं आणि आडवं झालं. "आलेच," ती म्हणाली. शिपाई दार ओढून निघून गेला. तो काट्याकडे कधी पाहत नसे. त्याच्या लेखी ही खोली म्हणजे चपला बाहेर काढायला लावणारी एक थंडगार कटकट होती. तिने वजन पुन्हा चिमट्यात धरलं आणि भिंगाखाली फिरवून पाहिलं. काही नव्हतं. खालच्या कडेला एक ठिपका होता, किंवा दिव्याचं प्रतिबिंब होतं. वजन फिरवलं की तो सरकायचा, म्हणजे प्रतिबिंबच. पण दिसलं नाही याला काही अर्थ नसतो, हे तिच्याइतकं त्या इमारतीत कोणाला माहीत नव्हतं. पडलेलं वजन पुष्कळदा पहिल्यासारखंच दिसतं. फक्त ते पहिल्याइतकं उरत नाही. समोरच्या भिंतीवर तिच्याच अक्षरात लिहिलेला कागद होता: वजन पडल्यास ते तत्क्षणी वापरातून काढावे व वहीत नोंद करावी. तिने वजन मखमलीच्या खळग्यात ठेवलं, झाकण लावलं, मोजे काढले, आणि ती पाकीट घ्यायला गेली.

शहरातल्या औषधांच्या दुकानांतले, दवाखान्यांतले, सोनारांचे काटे खरे की खोटे हे या केंद्रात ठरायचं, आणि ते ठरवणारी वजनं त्या पेटीत होती. त्यांना उघडा हात लावायचा नसे, कारण बोटाचा घामसुद्धा मोजला जातो. पेटीशेजारी एक वही असे आणि वहीला दोरीने बांधलेलं पेन. पेटी उघडण्याआधी प्रत्येकाने तारीख, वेळ, काम आणि सही अशी एक ओळ लिहायची, असा तिथला रिवाज होता. ती एकटी नंतर लिहायची. कारण साधं होतं. ती आधी मोजे घालायची, आणि मोजे घातल्यावर दहा जणांनी हाताळलेलं पेन धरायचं म्हणजे मोजे वाया. आधी काम, मग मोजे काढणं, मग ओळ. सहा वर्षांत तिची एकही ओळ राहिली नव्हती, त्यामुळे कोणी तिला बोललं नव्हतं. उलट साहेब नव्या माणसांना सांगत, मॅडमसारखी शिस्त हवी. त्या मंगळवारी, सकाळी दहा वाजून पाच मिनिटांची ओळ राहिली.

साहेबांच्या दारापर्यंत एकतीस पावलं होती. नोकरीला लागली त्या आठवड्यातच तिने ती मोजून ठेवली होती, जशी जिन्याच्या पायऱ्या आणि मागच्या फाटकापर्यंतचं अंतर. सातव्या-आठव्या पावलाला मोजणी चुकली, आणि विसाव्या पावलापर्यंत ती मनाने जुन्या कारखान्याच्या बोळकांडीत चालत होती. तिथेही मंगळवारच होता. औषधी गोळ्यांच्या त्या कारखान्यात ती अकरा वर्षं प्रयोगशाळेत होती. गोळीतलं औषध नेमकं किती, हे काढायची. त्या सकाळी पाकिटं वाटली गेली तेव्हा तिला वाटलं होतं, पगारवाढीची असतील. दहा मिनिटांत खण रिकामा करा असं सांगणारा पहारेकरी तोच होता जो रोज तिला "आज उशीर नाही ना ताई?" असं चिडवायचा. तो तिच्या खुर्चीमागे उभा राहिला आणि खोकला. कप, कंगवा, पावसाळी चप्पल, भिंतीवरचं छोटं कॅलेंडर, अर्धी बिस्किटं. खोकं मांडीवर घेऊन ती बसमध्ये बसली होती, आणि शेजारच्या बाईने कौतुकाने विचारलं होतं, "नवीन घेतलंय का काही?" ती हो म्हणाली होती. अकरा वर्षांतलं सगळं सामान एका खोक्यात मावलं होतं, वर थोडी जागा उरली होती, आणि बस वळली की कप आतल्या आत घरंगळत होता. तो आवाज तिला अजून येत असे. कुठल्याही वळणावर, बसमध्ये नसतानासुद्धा.

"बसा," साहेब म्हणाले. पूर्वी एकदा तीन महिने तिने नोंद ठेवली होती: साहेब 'या' म्हणतात ते दिवस आणि 'बसा' म्हणतात ते दिवस. त्यातून वाईट बातमीचा अंदाज काही निघाला नव्हता. त्यांनी पाकीट पुढे सरकवलं. तिने ते उघडलं नाही, तेव्हा त्यांनीच हसत सांगितलं, "अहो, कायम झालात तुम्ही. सहा वर्षं वर्षावर्षाच्या मुदतवाढीवर काढलीत, आता निवृत्तीपर्यंत तुम्हाला इथून कोणी हलवू शकत नाही. मी मनात आणलं तरी नाही." तिने पत्र वाचलं. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं की कामातील चूक अथवा उपकरणाची हानी झाल्यास कर्मचाऱ्याचा लेखी खुलासा घेतला जाईल. एवढंच. लेखी खुलासा. तिने ते वाक्य दोनदा वाचलं, आणि सांगायला तोंड उघडलं, की साहेब, आत्ताच. पण साहेबांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता, आणि टेबलावर पाकीट होतं. "आभारी आहे," ती म्हणाली. पत्रावरची शाई पुसली जाते का हे तिने बोटाने हळूच पाहिलं. पुसली गेली नाही.

ती परत आली तेव्हा पेटी ओट्यावर नव्हती. लाकडी पडद्याच्या पलीकडे दुरुस्तीवाला सहामाही काम करत होता. वहीत त्याची ओळ होती: मंगळवार, दहा वाजून वीस, दुरुस्तीनंतरची तपासणी, आणि खाली ती वळणदार सही. तिची शेवटची ओळ सोमवारची होती. त्या दोन ओळींमध्ये रेघ होती, जागा नव्हती. दहा वाजून पाचची ओळ आता दहा वाजून वीसच्या खाली लिहावी लागली असती, आणि वर कंसात कारण. तिने पेन उचललं. पलीकडून तो शीळ घालत होता. मग तिला वाटलं, आधी त्याला सांगावं, मग लिहावं. मग वाटलं, उद्या.

सहामाही हे त्याचं नाव नव्हतं, पण केंद्रात सगळे त्याला तेच म्हणत, कारण त्याचा करार दर सहा महिन्यांनी संपायचा. काटे दुरुस्त करणारा तो एकटाच होता. बावन्न वर्षांचा, जाड भिंगाचा चष्मा, आणि हात असे की काट्याची सुई त्याच्या हाताखाली थरथरायला लाजावी. दर सहा महिन्यांनी कोणी तरी विचारायचं, "काय हो, सहामाही झाली का पास?" आणि तो म्हणायचा, "पास झालो, पण गुण दाखवत नाहीत." ही त्याची नववी नोकरी होती. आधीच्या आठ तो क्रमाने सांगायचा, लोक आजारपणं सांगतात तसा, थोड्या अभिमानाने. "मला काढायचं तर साहेबांना काही करावंच लागत नाही," तो म्हणायचा, "फक्त पत्र लिहायला विसरायचं." आणि तरीही त्याचं टेबल म्हणजे घर होतं. पत्र्याच्या डब्यात लावलेलं रोप, खुर्चीवर बायकोने शिवलेली गादी, टेबलाखाली घरच्या सपाता, भिंतीला आरसा, साखरेची बरणी, एक बिनकानाचा कप स्वतःसाठी आणि एक धड कप पाहुण्यांसाठी, जे कधी येत नसत. तिच्या टेबलावर काहीच नव्हतं. सहा वर्षं ती कप पिशवीतून आणायची आणि पिशवीतून न्यायची. कंगवा, रुमाल, चष्म्याचं घर, सगळं संध्याकाळी परत. "बाईसाहेबांचं टेबल म्हणजे हॉटेलची खोली," तो म्हणायचा. "गिऱ्हाईक कधी गेलं कळायचं नाही." ती हसायची. तिने हिशोब केलेला होता: खण रिकामा करायला शून्य मिनिटं.

घरी पत्र सगळ्यांनी वाचलं. दादाने चष्मा लावून, वहिनीने ओल्या हातांनी कडेला धरून, आणि भाचीने मोठ्याने, वृत्तनिवेदिकेसारखं. "आत्या, आता तू म्हातारी होईपर्यंत तिथेच?" "म्हातारी होईपर्यंत," दादा म्हणाला. "आता निश्चिंत हो बाई एकदाची." वहिनीने गोड केलं होतं. वाढताना ती म्हणाली, "आता ती पिशवी तरी टाक गं. खांदा वाकडा झालाय तुझा." वहिनी चांगली होती. नोकरी नसताना घरात काढलेल्या त्या चौदा महिन्यांत ती चांगली होती, आणि तेच कठीण होतं. "राहू दे गं, तू बस," ती म्हणायची, आणि बसणं हे त्या घरातलं सगळ्यात मोठं काम होऊन बसलं होतं. पण त्याआधीचे सहा आठवडे घरात कोणाला माहीतच नव्हतं. ती रोज वेळेवर निघायची आणि मोठ्या दवाखान्यात बाहेरच्या रुग्णांच्या दालनात जाऊन बसायची, कारण तिथे बसलेल्या माणसाला कोणी का बसलात म्हणून विचारत नाही. क्रमांकाची चिठ्ठी घ्यायची, क्रमांक जवळ आला की उठायचं, आणि नवी चिठ्ठी घ्यायची. त्र्याहत्तर, एकशे चार, एकशे सदतीस. एकदा मात्र ती आकड्याकडे बघत राहिली आणि उठायचं राहून गेलं, डॉक्टरने विचारलं, "काय होतंय?" आणि ती म्हणाली, "पोटात दुखतं." त्याने दाबून पाहिलं. दुखलं. खरंच दुखलं, आणि त्यानंतर दुखतच राहिलं. मग शेजारणीने तिला तिथे पाहिलं आणि वहिनीला सांगितलं, तुझ्या नणंदेला काही तरी मोठं दुखणं आहे. वहिनीने दोन दिवस रडून काढले आणि तिसऱ्या दिवशी तिचा हात धरून विचारलं. तिने सांगितलं, नोकरी गेली. वहिनीचा जीव भांड्यात पडला. ती हसली, डोळे पुसत, मनापासून हसली, आणि म्हणाली, "एवढंच ना गं? एवढंच?"

एवढंच. आता ताटातलं गोड खाताना तिला तोच शब्द आठवत होता. लेखी खुलासा, एवढंच. तिने दादाकडे पाहिलं. त्याची आजवर एकच नोकरी, एकाच टेबलावर, त्याला काय सांगणार? आणि काय नेमकं? की आतापर्यंत भीतीला तारीख होती. दर वर्षी ती तारीख जवळ यायची, तेव्हा तिला झोप नसायची, अन्न नकोसं व्हायचं. तारीख उलटायची आणि नंतरचे दोन-तीन महिने जरा बरे जायचे. पत्राने तारीख काढून घेतली होती. आता ते पाकीट कुठल्याही दिवशी येऊ शकत होतं. कुठल्याही मंगळवारी, कुठल्याही दारातून. हे तर्काला धरून नाही, हे तिला कळत होतं. ती विज्ञान शिकलेली होती, तर्क तिला तोंडपाठ होता. पण तिचं शरीर वेगळंच काही शिकलं होतं, आणि ते परीक्षेला दर वेळी तेच उत्तर लिहायचं. "काय गं, आवडलं नाही का?" वहिनीने विचारलं. "छान झालंय," ती म्हणाली.

बुधवारी सांगायचं होतं. बुधवारी साहेब बैठकीला गेले होते. गुरुवारी सहामाही मोठ्या खुशीत होता. त्याची मुलगी परिचारिकेच्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिला पहिल्यांदा दवाखान्यात कामाला उभं केलं होतं. "एवढं वर्ष निघालं की मी मोकळा," तो म्हणाला. "मग सहामाही नापास झालो तरी हरकत नाही. मात्र तोवर नको." तो रोज ती पेटी न्यायचा, रोज वहीत ओळ लिहायचा. ती स्वतः दुसरी, जुनी पेटी वापरू लागली. कोणी विचारलं नाही. त्यामुळे त्या वहीच्या पानावर मंगळवारपासून खाली फक्त त्याच्याच सह्या उतरत गेल्या, एकाखाली एक. हे तिने मुद्दाम केलं नव्हतं. पडलेल्या वजनाने ती काम करू शकत नव्हती, एवढंच. तिच्या हातून खोटं माप जाणं शक्य नव्हतं. त्याच्या हातून जात होतं. हे दोन्ही विचार तिच्या डोक्यात शेजारी शेजारी राहत होते आणि एकमेकांशी बोलत नव्हते.

दर महिन्याच्या तिसऱ्या शुक्रवारी सगळी वजनं मुख्य संचाशी ताडून पाहायची असत. ते तिचंच काम. दोनशे ग्रॅमपाशी आली तेव्हा तिचा हात अगदी स्थिर होता. चार दशांश मिलिग्राम कमी. पापणीचे तीन-चार केस असतील एवढं. तिने पाच वेळा मोजलं, आणि पाचही आकडे इतके एकमेकांना चिकटून आले की तिला क्षणभर, लाज वाटावी असा, चांगल्या मोजणीचा आनंद झाला. आकडा बदलणं तिच्या मनातही आलं नाही. तिने तो स्वच्छ अक्षरात लिहिला, मर्यादेबाहेर असा शेरा मारला, आणि कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्या दिवशी ती खोटं काहीच बोलली नाही. पुढेही बोलली नाही. कोणी तिला विचारलंच नाही.

साहेबांनी वही मागवली. सहामाही समोर उभा होता, ती खिडकीपाशी. "शेवटची नीट मोजणी गेल्या महिन्यात," साहेब म्हणाले, "सोमवारपर्यंत मॅडमचं काम, त्यांचे सगळे निकाल जुळतायत. मंगळवारपासून फक्त तुम्ही." "साहेब, माझ्या हातून पडलं नाही." "मग कोणाच्या?" सहामाहीने वहीकडे पाहिलं. त्याचं बोट सोमवारच्या ओळीवर गेलं, मग मंगळवारच्या. त्याने तिच्याकडे मान वळवली नाही. तिला वाटलं, वळवावी. वळवली असती तर कदाचित तिच्या तोंडून शब्द फुटला असता. "वहीत माझं नाव आहे खरं," तो शेवटी म्हणाला. तो गेल्यावर साहेबांनी कपाळ चोळलं. "वाईट वाटतं हो. माणूस कामाचा आहे. कायम माणसाच्या हातून झालं असतं तर एक खुलासा लिहून घेतला असता आणि विषय संपला असता. आता महिनाअखेरीस यांची मुदत संपतेय, वरून विचारणा होणार; मी नवं पत्र कुठल्या तोंडाने मागू?" तिने मान हलवली. म्हणजे मान आपली आपण हलली.

मग अकरा दिवस होते. त्या वजनाने तपासलेले चौदा काटे पुन्हा तपासायचे होते, आणि ती यादी तिने केली: पत्ते, क्रमांक, कुठल्या रस्त्याने गेलं तर फेरा वाचेल तेसुद्धा. इतकी चांगली यादी तिने आजवर केली नव्हती. सहामाही उन्हातान्हात ती घेऊन हिंडला. एका औषधवाल्याने त्याला सगळ्यांसमोर बोल लावला, हे त्याने परत येऊन हसत सांगितलं, पण शीळ घातली नाही. दोनदा ती साहेबांच्या दारापर्यंत गेली. पहिल्या वेळी पंचवीस पावलांवरून परतली. दुसऱ्या वेळी आत गेली. साहेब म्हणाले, "बसा," ती बसली, आणि तिच्या मांडीवर खोकं आलं. खरंच, वजनासकट. कडा मांडीत रुतत होत्या. "बोला ना," साहेब म्हणाले. "मोजे संपत आलेत," ती म्हणाली. "एवढंच ना? मागवतो." रोज सकाळी उठताना ती ठरवायची की आज, आणि पत्रातला शेवटून दुसरा परिच्छेद काढून वाचायची. वाक्य तेच असायचं. लेखी खुलासा. तिला पाठ होतं, पटत होतं, आणि काही उपयोग नव्हता. जसं घर पक्कं आहे हे माहीत असूनही एकदा भूकंपातून बाहेर पडलेलं माणूस दाराजवळच झोपतं.

महिन्याचा शेवटचा दिवस मंगळवार निघाला. पावणेपाचला ती लाकडी पडद्याच्या पलीकडे गेली. सहामाही सामान भरत होता. आरसा, गादी, सपाता, बरणी. त्याला एक खोकं पुरलं नाही, दोन लागली, आणि रोपाचा डबा वेगळाच राहिला. "नऊ नोकऱ्यांचा अनुभव आहे," तो म्हणाला, "पण सामान बांधायला अजून शिकलो नाही बघा." तो दोरीची गाठ मारत होता. गाठ सुटली. त्याने पुन्हा मारली, पुन्हा सुटली. तिसऱ्यांदा त्याने दोरी खाली ठेवली आणि हात मांडीवर दाबून धरले. काट्याच्या सुईला लाजवणारे ते हात.

"तुम्ही साहेबांना पुन्हा एकदा भेटा ना," ती म्हणाली.

"भेटून काय सांगू?"

तिने दोरी उचलून त्याच्यापुढे धरली.

"त्या दिवशी मी इथेच होतो," तो म्हणाला. आवाज चढवला नव्हता. काट्यातला बिघाड सांगताना बोलायचा तसंच बोलत होता. "पलीकडे टक् झालं. वजनाचा आवाज मला कळतो, बाईसाहेब. तीस वर्षं ऐकतोय."

"मग पेटी का उचललीत?"

"थोडा वेळ वाट पाहिली. मग येऊन वही बघितली. ओळ नव्हती. म्हटलं, यांची ओळ कधी राहत नाही. म्हणजे पडलं नसेल, मलाच भास झाला." तो हसला, पण अर्ध्यावर थांबला. "तुमच्या शिस्तीवर गेलो मी."

"साहेबांना का नाही सांगितलंत?"

"आवाज ऐकला म्हणून? तुम्ही कायम, मी सहामाही. कोणाचा कान खरा धरतील?" त्याने खोक्यातून कागदात गुंडाळलेला कप काढला, पाहुण्यांचा, आणि तिच्या हातात दिला. "कोरा आहे. कोणी तोंड लावलेलं नाही. टेबलावर काही तरी असू द्या. बरं दिसतं." मग गाठ मारता मारता, तिच्याकडे न बघता, "साहेब साडेपाचपर्यंत असतात आज. माझी बस पाच-दहाची आहे. तसं काही नाही. सांगून ठेवलं."

ती टेबलापाशी आली. कप तिने टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात ठेवला. तो तिथे मोठा दिसत होता. वही पुढे ओढून तिने कोरं पान काढलं आणि लिहिलं: मंगळवार, सकाळी दहा वाजून पाच. हात स्थिर होता. काम या रकान्यात तिने लिहिलं: दोनशे ग्रॅम. पुढचा शब्द तीन अक्षरांचा होता. खाली फाटकाचा आवाज झाला. घड्याळात पाचला दोन मिनिटं होती, म्हणजे अजून बारा मिनिटं होती, आणि एकतीस पावलांना एक मिनिटसुद्धा लागत नाही. तिने पेन टेकवलं. दार उघडलं, आणि शिपाई म्हणाला, "मॅडम, साहेबांनी बोलावलंय. पाकीट आहे तुमचं."

ती उठली. बोळकांडीत सातव्या-आठव्या पावलाला तिच्या लक्षात आलं की खांद्यावर पिशवी आहे. तिने मागे वळून उघड्या दारातून पाहिलं. टेबल स्वच्छ होतं. कंगवा नव्हता, रुमाल नव्हता, चष्म्याचं घर नव्हतं, उजव्या कोपऱ्यात कप नव्हता. हे केव्हा केलं ते तिला आठवेना. वही उघडी होती आणि दोरीला लटकलेलं पेन अजून हलत होतं.

"या, या," साहेब म्हणाले. पाकिटात तिचं नवं ओळखपत्र होतं. पूर्वीच्या ओळखपत्रावर खाली मुदतीची तारीख असायची. इथे ती जागा कोरी होती. "इथे पोच लिहा. आणि मोजे आलेत हो तुमचे." तिने सही केली. साहेबांच्या मागे खिडकी होती, खिडकीखाली रस्ता, रस्त्यापलीकडे बसचा थांबा. दोन खोकी एकावर एक ठेवून सहामाही उभा होता, रोपाचा डबा छातीशी धरून. तो वर पाहत नव्हता. शेजारी उभ्या असलेल्या माणसाने खोक्यांकडे बोट करून त्याला काही तरी विचारलं. काय विचारलं ते तिला माहीत होतं; बसमध्ये तिलाही एकदा खोक्यावरून तेच विचारलं होतं. सहामाहीने हसून मान हलवली: हो.

"आणखी काही, मॅडम?"

बस आली. तिने एक पाऊल पुढे टाकलं, टेबलाकडे, आणि खांद्यावरची पिशवी टेबलाच्या कडेवर आपटली. आत कप होता. टक्.

साहेबांनी मान वर केली. "काही पडलं का?"

"नाही," ती म्हणाली. "काही पडलं नाही."